शुक्रवारची परात

“थुंक. आधी थुंक ते.”

वर्गाच्या दारातून आराध्याची आई चपलांसकट आत घुसली. पोरं जमिनीवर गोल करून बसली होती, मधे परात. तिनं लेकीच्या हनुवटीखाली हात धरला. “थुंक म्हणते ना! कुणाच्या हातचं खातीस, कळतं का तुला?”

पोरगी दुसरीतली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि अर्धा चावलेला घास आईच्या तळहातावर काढून ठेवला. तो घास मी दिला होता. ज्वारीची भाकरी, तिच्यावर कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चटणी.

मी त्या वर्गाची बाई. शाळा ख्रिस्ती मंडळींची, तालुक्याच्या गावातली, चौथीपर्यंतची. पोरं मात्र सगळ्या जातीधर्मांची, कारण इथं इंग्रजी बरं शिकवतात. दर शुक्रवारी आमच्याकडं परात असते. प्रत्येकानं डब्यातलं थोडं परातीत टाकायचं, प्रार्थना म्हणायची, मग बाईनं भाकरी मोडून सगळ्यांना वाटायची. येशूनं मोडली तशी, असं आम्ही पोरांना सांगतो. पाहुणे आले की मोठ्या कौतुकानं दाखवतो.

मागच्याच पालकसभेत आराध्याच्या आईनं गोड आवाजात विचारलं होतं, “बाई, तुम्ही मूळ ईट गावच्या ना? कुठल्या आळीतल्या?”

“मांगवाड्यातल्या,” मी म्हणाले. लपवायचं काय त्यात? तीही तेव्हा हसली होती.

ती लेकीला ओढत घेऊन गेली. माझे हात परातीतच होते. सगळी पोरं माझ्या हातांकडं बघत होती. याच हातांनी मी त्यांचे शेंबूड पुसलेत, ओकाऱ्या काढल्यात, चड्ड्या बदलल्यात. तेव्हा कुणी बाटलं नाही. शेंबूड चालतो, भाकरी चालत नाही. मला रडू आलं नाही. कानशिलं तेवढी तापली.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, बोलावलं ते मला. त्या बाईला नाही. मला.

“माझ्या मनात तसलं काही न्हाय, तुम्हाला माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “पण पेठेतली सगळी घरं आराध्याच्या नात्यातली. एक पोरगी गेली की मागं रांग लागंल. परात बंद करू. सोमवारच्या बातम्यांत तुम्हीच सांगा. आरोग्याच्या कारणानं, म्हणावं.”

“आरोग्य कुणाचं?”

“बाई, लई ताणू नका.”

सोमवारी प्रार्थना झाली की माइकवर आठवड्याच्या बातम्या मीच वाचते. कुणाचा दात पडला, कुणाची शेळी व्याली, चौथीनं लावलेली मेथी उगवली का. स्वतःचं नाव आलं की पोरगं आठवडाभर मिरवतं. त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जातो. तर या बातम्यांत माझा अपमान मीच वाचायचा होता, माझ्याच तोंडानं, वर आरोग्याचं नाव देऊन.

घरी आईला सांगितलं. जन्मभर शिंदीच्या केरसुण्या बांधून तिच्या बोटांना भेगा पडल्यात. ती म्हणाली, “गप वाच अन् ये. नोकरी गेल्यावर कोण इचारतंय आपल्याला?” तिच्यावर चिडून काय करू? पण माझे आजोबा ख्रिस्ती झाले ते एका पेल्यापायी, हे तिनंच मला लहानपणी सांगितलं होतं. चर्चमध्ये पाळकानं आजोबांच्या उष्ट्या पेल्याला तोंड लावलं, आणि आजोबांनी ठरवलं, आपला देव हाच.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. मोठ्या बाई माझ्या पुढच्या बाकावर. पाळकांनी मोडलेली भाकर त्यांनी डोळे मिटून तोंडात घातली. आमचे आताचे पाळक मांगवाड्यातलेच आहेत, माझ्याच आळीतले. मोठ्या बाईंना ते चांगलं ठाऊक आहे. म्हणजे देवासमोर चालतं, पेठेसमोर चालत नाही. ताट माझ्यापर्यंत आलं. मी भाकर न घेता ते पुढं सरकवलं. या बाईबरोबर मला ती गिळवली नसती.

सोमवार. मी माइक हातात घेतला. दात वाचला, शेळी वाचली, मेथी वाचली. मग कागद खाली ठेवला.

“शुक्रवारी आपल्या शाळेत एका लेकराच्या तोंडातला घास बाहेर काढायला लावला. कारण तो माझ्या हातचा होता आणि मी मांगवाड्यातली आहे. त्यात लेकराचा काही दोष नाही. परात बंद, असं सांगायला मला सांगितलंय. मी सांगणार नाही. परात होणार.”

‘मांगवाडा’ म्हटल्याबरोबर मोठ्या बाईंनी वायर उपटली होती. उपटू देत. मी वर्गावरची बाई आहे, माझा आवाज पटांगणाच्या टोकाला माइकशिवाय जातो. व्हिडिओ ग्रुपवर गेला नाही. पण बातमी दुपारच्या आत पेठभर झाली.

शुक्रवारी शाळेच्या पराती कपाटात आणि कपाटाला कुलूप. मला वाटलंच होतं. मी आईची कणीक मळायची परात एसटीतून मांडीवर घेऊन आले होते. आईनं ती स्वतः घासून दिली.

परात मांडली. पोरं डबे उघडून बसली, पण आपापल्या जागेवर. घरून बजावलेलं होतं. आराध्या भिंतीकडं तोंड करून जेवत होती. सात वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं हे? मी कुणाला बोलावलं नाही. माझी भाकरी परातीत टाकली, प्रार्थना मोठ्यानं म्हटली, भाकरी मोडली आणि एकटीनं खाल्ली. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “शाळेच्या मंडळापुढं जावं लागंल तुम्हाला.”

“जाईन,” मी म्हणाले. “परात घेऊनच येते.”

काढतील कदाचित. काढू देत. मग सोमवारच्या बातम्या मी फाटकाबाहेर, भर रस्त्यात उभी राहून वाचीन. या सोमवारी मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तिथं घेईन. घास थुंकायला लावणारीचं घेईन, आणि रविवारी भाकर खाऊन शुक्रवारी कुलूप लावणारीचंही घेईन.