फ्रिजच्या दारातली बाटली

"डोळ्याचं प्रेशर छान आहे काका, पण नस वाळत चाललीय. हे गणित जुळत नाही. ड्रॉप्स रोज घालता ना?"

माझ्या तरुण सर्जनबाईंनी विचारलं. रोज, मी म्हणालो. शेजारी बायको बसली होती. सुधा शांतपणे म्हणाली, "अपॉइंटमेंटच्या आधी चार दिवस, रोज."

झालं. मला ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू, आहे हे तीन वर्षं माहीत होतं. डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, दाब वाढतो आणि नजर कडेकडेने गुपचूप निघून जाते. डावा डोळा बराचसा गेलाच होता, आता उजव्याची पाळी. वेस्ट विंडसरच्या घरासमोरच्या मेलबॉक्सला मी गाडीचा आरसा दोनदा घासला आणि दोन्ही वेळा शिव्या मेलबॉक्सला घातल्या.

यातली गंमत अशी, की मी स्वतः डोळ्यांचा डॉक्टर. इथे येऊन औषध कंपनीत संशोधनाला लागलो, त्याआधी चार वर्षं टांझानियातल्या एका लहान इस्पितळात काचबिंदूचीच ऑपरेशनं करत होतो. तिथे थेंब लिहून देण्यात अर्थ नसे. बाटली महिन्यात संपणार आणि पुढची मिळणार शहरात, दिवसभर बसने जाऊन. म्हणून सरळ ट्रॅबेक्युलेक्टमी. वरच्या पापणीआड बारीकशी वाट करून पाणी बाहेर काढून द्यायचं. वीज गेली की सिस्टर टॉर्च धरायची आणि हळू आवाजात गात राहायची. ती गायची थांबली की समजायचं, आपलं काहीतरी चुकतंय. किती बरे दिवस होते ते.

तिथे रेहेमा नावाची शिंपीण होती. सुईत दोरा बिनचूक ओवायची आणि दारात बांधलेल्या शेळीला अडखळायची. ऑपरेशननंतर पट्टी काढली तशी इकडेतिकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, दिसणं वाढलं नाही."

मी फणकाऱ्याने सांगितलं, वाढत नसतंच, उरलेलं राहतं.

"मग हे आधी सांगायचं होतं."

घाईत राहून गेलं होतं. तरी वर्षभराने ती तपासणीला आली. दाब उत्तम, आणि हातात माझ्यासाठी शिवलेला शर्ट. सगळी काजं एका रेषेत.

तर, माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ज्यांना औषध मिळतच नव्हतं त्यांच्यासाठी मी जे करायचो, तेच फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी बाटली असलेल्या माझ्यावर करावं लागलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दाब उतरला होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दिसणं वाढेल ना थोडं?"

सर्जनबाई हसल्या नाहीत. "काका, हे तुम्हाला मी सांगायचं?"

आता ऑपरेशननंतरचे थेंब सुधाच घालते. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. परवा कपाटातून तो शर्ट काढला. पोटावर बसत नाही, पण काजं मोजली. सातही दिसली.

रेहेमाला सांगायचं राहिलं, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते. थेंब रोज घाला. अपॉइंटमेंट नसेल तेव्हासुद्धा.