पाचवं प्रकरण आणि नातुनाचा समुद्र

लोक समुद्र बघायला बेटांवर जातात. मी गेले ते माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण खरं आहे की नाही ते तपासायला. तुम्ही इंडोनेशियाच्या उत्तर टोकाच्या नातुना बेटांवर जायचा विचार करत असाल तर वाटेची, जेवणाखाण्याची माहिती पुढे आहेच, पण आधी हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी बडोद्यातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. हंगामी. म्हणजे दर जूनला नव्याने सही. कायम व्हायचं तर पीएचडी हवी, आणि माझा विषय होता इंडोनेशियाचं सागरी धोरण. आमच्याकडे पाणी म्हणजे विश्वामित्री, आणि तिच्यातही मगरी. तरी सात वर्षं लायब्ररीत बसून सहा प्रकरणं लिहून काढली. पाचव्यात मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, की सीमेवरच्या बेटांवरचे मच्छीमार हे सरकारचे डोळे आणि कान आहेत. परकी बोट दिसली की ते कळवतात. त्या सुमाराला तिथलं सरकार पकडलेल्या परक्या बोटी भर समुद्रात बुडवत होतं, त्यामुळे प्रकरण अगदी ताजं वाटत होतं.

आमचे सर, म्हणजे माझे गाईड, पान उलटून म्हणाले, "वृंदा, ह्यातला एक तरी मच्छीमार तू पाहिला आहेस का?"

नाही म्हटलं.

"मग मेच्या सुट्टीत बघून ये. ऑगस्टअखेर मी निवृत्त होतोय. त्याआधी प्रबंध जमा झाला पाहिजे, तुझी कायम जागेची मुलाखत त्याच्या पाठोपाठ आहे."

सोबतीला सुधाआत्या आली. आली कसली, तिकीट काढायच्या आधी बॅग भरून बसली. ही बाबांची धाकटी बहीण. महानगरपालिकेच्या जकात नाक्यावर तिने अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. तिला इंडोनेशियाचं धोरणबिरण काही नको होतं. "मला मासे खायचेत," ती म्हणाली, "ते पण खिडक्या उघड्या ठेवून." कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत दोन बाजूंना कांदासुद्धा न खाणारे शेजारी आहेत. आम्ही सुरमई तळतो ती दारं-खिडक्या बंद करून, पंखा लावून, वर उदबत्ती. बडोद्यातली अर्धी मराठी घरं मासे असेच खातात.

आता वाट. बडोद्याहून टॅक्सीने अहमदाबाद विमानतळ, एक्सप्रेसवेने दोन तासांत होतं. तिथून सिंगापूर थेट, साडेपाच तास. सिंगापूरहून फेरीबोटीने तासाभरात बाताम, म्हणजे इंडोनेशियात पाऊल. बातामच्या धक्क्यावरच तेव्हा पस्तीस डॉलरला व्हिसा मिळायचा, रांग मात्र मोठी. पैसे बदलले की हातात लाखांच्या नोटा येतात. आत्याने पहिल्याच कॉफीला वीस हजार मोजले आणि दिवसभर कोणालाही काही घेऊ दिलं नाही. बातामहून पंख्याचं छोटं विमान दीड तासात नातुनाला नेतं. डिसेंबर ते फेब्रुवारी जाऊ नका, उत्तरेचा वारा सुटला की बोटी बंद असतात. एप्रिल ते सप्टेंबर उत्तम.

विमानातून खाली निळ्या पाण्यात हिरवे ठिपके दिसायला लागले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आत्याला सांगितलं, की साध्या देशाची हद्द किनाऱ्यापासून बारा मैल समुद्रात असते. पण ज्या देशाची सगळी बेटंच बेटं आहेत त्याने सगळ्यात बाहेरची बेटं रेघेने जोडली, आणि आतलं सगळं पाणी आमचं म्हणून जगाकडून मान्य करून घेतलं.

"सोसायटीचं कंपाउंड," आत्या म्हणाली. "बंगल्यांच्या मधला रस्ता पण आपलाच. बराबर?"

"बरोबर. त्याच्या पलीकडे आणखी दोनशे मैलांपर्यंत मासे धरायचा हक्क. तिथेच उत्तरेकडच्या देशांशी वाद आहे. ह्यांचं धोरण असं, की मैत्री सगळ्यांशी, कोणाच्या गटात जायचं नाही, पण कुंपणाला हात लावू द्यायचा नाही."

"आणि कुंपणावर माणसं किती?"

समुद्र मोठा आणि गस्तीच्या बोटी थोड्या, एवढंच मी सांगू शकले. आत्या हसली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. मला वाटलं, कंटाळली असेल.

रनाई हे तिथलं मुख्य गाव. किनाऱ्यावर हत्तीएवढे काळे गुळगुळीत खडक, मागे डोंगर, आणि मे महिन्यात काचेसारखं पाणी. राहायला घरगुती खोली आपल्या हजार-बाराशे रुपयांत मिळाली, न्याहारीसकट. केर्नास म्हणून साबूदाण्यात घोळलेले माशाचे तळलेले गोळे मिळतात, ते चुकवू नका. आत्याने रस्त्यावरच्या बाकावर बसून सात खाल्ले. आजूबाजूला बघत, सावकाश.

आणि इथे मी माझी चूक केली. माझ्याजवळ कॉलेजचं पत्र होतं. तीन प्रती, गोल शिक्का, आवक-जावक क्रमांक, प्राचार्यांची सही हिरव्या शाईत. आपल्याकडे असं पत्र असलं की माणसाच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. कोणी मागितलं नव्हतं, तरी मी ते घेऊन पहिल्या सकाळी तिथल्या सरकारी कचेरीत गेले. त्यांनी फार आदराने चहा दिला, पत्र वहीत चढवलं, मी कुठल्या बेटावरच्या कुठल्या गावात जाणार ते विचारून तेही लिहिलं, आणि सोबत एक पन्नाशीचे साहेब दिले. साहेब इतके सज्जन, की बोटीत आत्याला ऊन लागू नये म्हणून स्वतःची छत्री धरून बसले. मी खूश. म्हटलं, बघा, पद्धतशीर काम असं होतं.

बेटावर जायला तास लागला. गावाचं नाव मी देणार नाही. लाकडी खांबांवर पाण्यात उभी घरं, अकरा बोटी, एक मशीद, एक शाळा. मच्छीमारांना ओट्यावर बसवलं गेलं. मी सीडी लावून शिकलेल्या भाषेत विचारलं, परकी बोट दिसली की तुम्ही काय करता? पहिला म्हणाला, "आम्ही ताबडतोब सरकारला कळवतो." दुसरा म्हणाला, "आम्ही ताबडतोब सरकारला कळवतो." नऊ जणांनी हेच सांगितलं. माझं पाचवं प्रकरण जसंच्या तसं. मला तर उडी मारावीशी वाटली.

संध्याकाळच्या बोटीने साहेब परत गेले, आम्ही गावातच एका घरी राहिलो. आत्या पाय चोळत म्हणाली, "वृंदे, नाक्यावर साहेब तपासणीला यायचा ना, तेव्हा आम्ही पण असेच एका सुरात बोलायचो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं आजचं लिहिलेलं फाडून टाक. जवा दे ने, सोड तो विषय, झोप आता."

मला राग आला. सात वर्षं मी घासली होती आणि ही बाई एका वाक्यात निकाल लावून कूस बदलते.

सकाळी उठले तर आत्या गायब. किनाऱ्यावर बायका मासे साफ करत बसल्या होत्या, त्यांच्यात ही पदर खोचून बसलेली. भाषा शून्य. गुजराती आणि हातवारे. पण मासा बघून आतडं कसं काढायचं ते दोन्हीकडे सारखंच असतं. तिच्या शेजारी नूर नावाची बाई होती, तिने आम्हाला जेवायला घरी नेलं. तिचा नवरा रहमत, साठीचा, कालच्या नवांपैकी चौथा. आत्या त्याला पहिल्या मिनिटापासून रहमतभाई म्हणायला लागली, आणि तो तिला इबू, म्हणजे आई. वयाने ती त्याच्याहून फार मोठी नव्हती, पण खूश झाली.

जेवण झाल्यावर रहमतभाईंनी मला विचारलं, "तुझं ते कागदाचं काम संपलं?" मी हो म्हटलं, वही बाहेरच ठेवली होती ते दाखवलं. मग ते बोलले.

आदल्या वर्षी उत्तरेच्या वाऱ्यात त्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. ते आणि त्यांचा मेव्हणा दोन दिवस पाण्यावर वाहत होते. तिसऱ्या सकाळी एक परकी मोठी बोट दिसली, चोरून जाळं ओढायला आलेली. तिने दोर टाकला, भात दिला, आणि बेट दिसेपर्यंत ह्यांना ओढत आणलं. पकडलं जायचा धोका पत्करून.

"मासे चोरतात ते," रहमतभाई म्हणाले. "तळापासून खरवडून नेतात, आमच्या जाळ्यात काही उरत नाही. मला त्यांचा राग आहे. पण इथली रीत वेगळी आहे. वारा सुटला आणि कोणीही बेटाच्या आडोशाला आला, तर त्याला पाणी द्यायचं, कळवायचं नाही. वारा पडेपर्यंत तो पाहुणा. वारा पडला की मग परका."

काही महिन्यांनी तीच बोट पकडली गेली. इथूनच दिसेल अशा जागी ती स्फोटाने बुडवली. गावाला बघायला बोलावलं होतं, कॅमेरे होते.

"मी ओळखली," ते म्हणाले. "पुढच्या बाजूला हिरवा पट्टा होता. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या."

नूरने हे ऐकताना भांडी उचलली आणि आत गेली. आत्याला मी मराठीत सांगत होते. खोटं का सांगू, मला त्याही क्षणी एकीकडे वाटत होतं, की हेच ते, हे कुठल्याही लायब्ररीत मिळालं नसतं.

मी विचारलं, हे लिहू का? रहमतभाईंनी उलट विचारलं, "ते छत्रीवाले साहेब वाचतील?" मग म्हणाले, "परवाना गेला, बोट गेली, तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही." मी म्हटलं, नाही लिहिणार. मनात मात्र तेव्हा वाटलं होतं, नाव बदलून लिहिता येईल.

पुढचे दोन दिवस आम्ही नुसते पर्यटक होतो. रहमतभाईंनी त्यांच्या बोटीतून प्रवाळ दाखवले, आत्याने उघड्या आकाशाखाली तीन वेळा मासे खाल्ले. मी हातात पेनसुद्धा धरलं नाही.

बडोद्याला आल्यावर सरांच्या निजामपुऱ्यातल्या घरी गेले. सगळं सांगितलं. सरांनी माझं पाचवं प्रकरण पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, "हा तुझ्या प्रबंधाचा प्राण आहे. नाव बदल आणि लिही."

"सर, कचेरीच्या वहीत माझं पत्र आहे. बेट, गाव, तारीख, सगळं मीच लिहवून आले. त्या गावात बोटी अकरा. ओट्यावर नऊ माणसं बसवली होती, त्यांची नावं त्या साहेबांनी टिपून घेतलीत."

सरांनी चष्मा काढला. "मग जुनंच प्रकरण राहू दे. नऊ मुलाखती आहेत तुझ्याकडे. तपासायला कोण जाणार आहे नातुनाला?"

सर वाईट नव्हते. माझ्या जागेची काळजी माझ्याइतकीच त्यांना होती. मी चार दिवस विचार केला. एकदा तर ते प्रकरण प्रिंटरवर काढलंसुद्धा. "ताबडतोब सरकारला कळवतो," नऊ वेळा, नीट टंकलेलं. वाचताना टाळ्या वाजवणारे रहमतभाई दिसायचे. शेवटी मी ते प्रकरण काढून टाकलं.

पण प्रबंधाच्या शीर्षकातच सीमेवरच्या मच्छीमारांची भूमिका होती. प्रकरण गेलं की शीर्षक बदलायला हवं, शीर्षक बदलायला समितीची परवानगी, आणि समिती दिवाळीनंतर. मुलाखत त्याआधीच होऊन गेली, जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. चांगल्या शिकवतात. पदवी मला पुढच्या वर्षी मिळाली, जागा नाही. जागा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी आत्याकडे जाऊन चक्क रडले. तिने रडू दिलं.

अजूनही दर जूनला सही करते. वर्गात इंडोनेशिया शिकवताना मुलं विचारतात, मच्छीमार सरकारला मदत करतात का? मी पुस्तकात काय आहे ते सांगते आणि पुढच्या मुद्द्यावर जाते. ते मला आवडत नाही.

मागच्या महिन्यात नूरच्या मुलीचा फेसबुकवर निरोप आला. बाबांचे गुडघे गेले, बोट विकली, आता ते बातामला माझ्याकडे असतात. दिवसभर खिडकीत बसतात. त्यांनी तुम्हाला एवढंच कळवायला सांगितलंय, की "आता माझ्याकडून कोणी काही काढून घेऊ शकत नाही, त्या मुलीला म्हणावं, लिही."

प्रबंध तर केव्हाच छापून झालाय, त्यात आता काही घालता येत नाही. म्हणून इथे लिहिलं.