गडावरचं टाकं

ऑक्टोबरचं ऊन सकाळी आठलाच अंगाला चिकटत होतं. दिवा स्टेशनजवळच्या इमारतीमागं उकिडवा बसून सहदेव माने दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेल्या अळिवाला पाणी शिंपडत होता. वरच्या बुरुजापाशी त्याचा हात थांबला. करवंटी पुरून केलेलं पाण्याचं टाकं गायब. तिथं सिमेंटचा सपाट ओटा, आणि ओट्यावर प्लास्टिकची तोफ.

"संदेश, हे कुणाचं काम?"

सोसायटीचा सेक्रेटरी संदेश रंगाचा ब्रश हलवत आला. "माझंच, काका. काल संध्याकाळी आलेलो, तुम्ही नव्हता. आज किल्ल्यांच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई येणार. टाकं कोण बघतंय?"

"गडाला वेढा पडलाय न्हवं? खाली येवढी खेळण्यातली फौज तूच मांडलीस की."

"म्हणून तर तोफ."

"खालच्याकडं शंभर तोफा हायत. तुझ्या एकीला भिऊन जाईल त्यो?"

"मग काय टाकं बघून जाईल?"

"व्हय, टाकं बघूनच." सहदेवनं मातीचा हात कपाळाला लावला. "त्याला दाणावैरण लांबनं आणायची. पावसात माणसं तापानं पडायची. घरची विचारणार, कशापायी बसलायस तिकडं? वरच्यांना जायचंय कुठं? त्यांनी जिंकायचं न्हाई रं, नुसतं संपायचं न्हाई. आन तू त्यांचं पाणीच बुजवलंस."

"जुना जमाना गेला, काका."

"टीव्हीवरच्या लढाईतला त्यो बारका देश आठवड्यात संपणार म्हणालावतास. वर्षं झाली की, अजून उभा हाय."

"तुम्ही गेल्या साली पण गडावर धान्याचं कोठार केलेलं. पहिला नंबर शेजारच्या सोसायटीच्या कारंजंवाल्या किल्ल्याला गेला."

सहदेवनं खुरपं घेतलं. सिमेंट पुरतं धरलं नव्हतं. ओटा निघाला, पण आतली करवंटी फुटली. वर जाऊन त्यानं बायकोकडं दुसरी मागितली. मालन करंज्यांसाठी खोबरं किसत होती.

"घ्या. वाचवा तुमचं राज्य. नळ आला की पिंप काय खालची फौज भरणार?"

तो करवंटी पुरत होता तेवढ्यात डोंबिवलीहून बाई आल्या. "तोफ नाही? मग हे लढतात कशानं?"

"बसून, बाई. खालचे कटाळून जाईस्तोवर."

बाई हसल्या, टाक्यात डोकावल्या आणि शेजारच्या कारंज्याकडं वळल्या.

"गेला नंबर," संदेश म्हणाला.

"जाऊ दे." सहदेवनं तांब्यातलं उरलेलं पाणी टाक्यात काठोकाठ ओतलं.

"अहो, नळ आला," वरून मालन ओरडली. "धार बारीक हाय, लवकर या."

तो रिकामा तांब्या घेऊन जिना चढला आणि पिंपात पाइप सोडून शेजारी बसून राहिला.