चाळीस पायांचं डोस्कं

चहा आधी पिऊन घ्या. गोष्ट काही मोठी नाई, पण मधातच हासू येते अन् मग बशी सांडते, असा माहा अनुभव हाय. आपल्याच पायावर आपल्याच हातानं धोंडा कसा पाडून घ्यावा, तेही दोन जिल्हे फिरून, गाडीभाडं देऊन, लोकायचे उपकार घेऊन, हे कोनाले शिकाचं असन तं त्यानं माह्याजवळ यावं. मी अंगठाबहाद्दर बाई, पण ह्या विषयात मले कोनी हरवू शकत नाई.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. आम्ही ढिवर. आमचे हे डोंगा चालवत, मासे धरत, लोकायले पार नेत. ते गेले, डोंगा राह्यला, अन् एक पोरगा राह्यला, विलास. तो बापासारखा पाण्यात रमला नाई. त्याले मशीनीचं येड. चंद्रपूरले शिकत होता, तवा खाणीतल्या एका सायबाची बदली झाली. जाता जाता त्या सायबानं आपल्या पोराचं जुनं कंप्युटर ह्याले देऊन टाकलं.

कंप्युटर म्हटलं का तुमच्या डोळ्यापुढं मोठी पेटी आली असन. हे तसं नाई. पानाच्या डब्याएवढं काळं डबडं, वर बटना. एका बाजूनं टीव्हीचा वायर, दुसऱ्या बाजूनं टेपरेकॉर्डर. टेप लावली का असं किंचाळे, का आमची कोंबडी ओसरीतून उडून थेट शेजारच्या वाडीत. ते किंचाळणं संपलं का मग टीव्हीवर चित्र.

विलासनं त्यात एक खेळ बनवला होता. निळी नदी अन् मधात नाव. नाव म्हणजे काय, एकाले एक लागून ठेवलेले चार चौकोन. मले बाजूले बसवे अन् म्हणे, "माय, तू वल्हव. मी मासे सोडतो."

मी नाव वाळूत घातली का तो पोट धरून हासे. म्हणे, बाबा असते तं शिव्या देल्ल्या असत्या. डोळे टीव्हीवर, पण खांद्याले खांदा. मिशी फुटलेला पोरगा मायजवळ असा घटका घटका बसते का कुठी? माहा बसे.

मग त्याले हैद्राबादले नोकरी लागली. सुट्टीत आला का आधी डबडं काढे. तेवढ्यात एका पावसाळ्यात गावात वीज पडली. टीव्ही वाचला, कोंबडी वाचली, डबडं मुकं झालं.

त्याच्यानंतर पाहा काय झालं. पोरगा येये, पण एका दिवसासाठी. ओसरीत खुर्चीवर बसे. "बरी हायेस ना?" "बरी हाय." "औषध घेतेस ना?" "घेते." संपलं. मग तो रस्त्याकडं पाहे अन् मी त्याच्याकडं. मायलेकायचं बोलणं एवढंच असते का हो? नऊ महिने पोटात ठेवला, तवाही यापेक्षा जास्त बोलत होतो आम्ही.

मी बसून हिशेब लावला. डबडं चालू होतं, तं पोरगा बसे. डबडं बंद पडलं, तं पोरगा उठून जाते. म्हणजे दुखणं कुठी हाय? डबड्यात. डबडं बरं केलं का पोरगा बसन. सांगा, चुकलं काही?

गावातल्या फोनवरून त्याले बोलली. म्हणाला, दिवाळीनंतर मंडईले येतो. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा, दंडारीचा नाच असते, नाटक असते, गावची गेलेली सगळी पोरं येते. मी म्हटलं, ते कंप्युटर बंदच हाय रे. तं म्हणाला, "राहू दे माय, आल्यावर पाहू."

आल्यावर पाहू! ह्याचा बाप घरावरच्या कवेलूबद्दल असंच म्हणे. तो बिचारा गेला, कवेलू अजून गळून राह्यले. मी काय समजाचं ते समजली, अन् डबडं लुगड्यात बांधून गडचिरोलीची एसटी पकडली.

तिथी बसस्टँडामागं गुलाबभाऊचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यानं डबडं उघडलं, बराच वेळ खाली डोकं घालून बसला, अन् मग एक काळी चपटी वस्तू उपटून माह्या तळहातावर ठेवली. बोटभर लांब, दोन्ही बाजूनं पायच पाय. मी आधी हात झटकला. मले वाटलं गोम.

"चावत नाई मावशी, मेली हाय," तो म्हणाला. "याले प्रोसेसर म्हणते. हे कंप्युटरचं डोस्कं. बाकी धड साबूत हाय, डोस्कं जळलं. पण असं जुनं डोस्कं आता कोनी दुकानात ठेवत नाई. जुन्या मालात भेटलं तं भेटलं. तुमी शोधून आणा, मी बसवून देतो."

झालं. मेलेलं डोस्कं तंबाखूच्या डबीत कापसावर निजवलं अन् निघाली. आरमोरी पाहिली, वडसा पाहिली, ब्रह्मपुरी पाहिली. नाव वाचता येत नाई, तं डबी उघडून दाखवाची अन् म्हणाचं, याची जोडी हाय का? एका घडीवाल्यानं भिंगातून पाहिलं अन् म्हणाला, बाई, हे आमच्यात बसत नाई. जसं काही मी पोरगी दाखवाले आणली. ब्रह्मपुरीचा दुकानदार हासला, म्हणे आजी, नवीन कंप्युटर घेऊन टाका. मी म्हटलं, पोरगा जुना हाय माहा, त्याले जुनंच लागते.

वापस येताना रस्त्यात पोलिसांनी एसटी थांबवली. आमच्याकडं हे नेहमीचंच, सगळ्यायच्या थैल्या पाहते. जवानानं माही डबी उघडली अन् दोन पावलं मागं सरकला.

"हे काय आहे?"

"डोस्कं."

"कोणाचं?"

"कंप्युटरचं. मेलेलं हाय. त्याची जोडी शोधून राह्यली."

त्यानं सायबाले बोलावलं. सायेब वरल्या मुलखातला असन, लई शुद्ध बोलणारा. त्यानं डबी पाहिली, मले पाहिलं, लुगड्याच्या गाठीत बांधलेले फुटाणेही पाहिले. मग विचारलं, "आजी, कशासाठी पाहिजे?" मी म्हटलं, पोरगा घरी बसत नाई, त्याच्यासाठी. एसटीतली माणसं खिदळाले लागली, पण सायेब नाई हासला. त्याचीही माय असन कुठी तरी रस्त्याकडं पाहत. म्हणाला, चंद्रपूरला भंगारवाल्यांकडे टेलिफोन बूथच्या जुन्या मीटर पेट्या येतात. त्यांत असले प्रोसेसर असतात. तिथे विचारा.

अन् खरंच भेटलं. भंगाराच्या ढिगात अर्धा दिवस बसली, त्या माणसानं पेटीमागून पेटी फोडली, नंबर ताडून पाहिला, अन् तेच ते, चाळीस पायाचं. वाटंनं मी डबी छातीशी धरून आली. बाजूची बाई म्हणाली, औषध हाय का वो? मी म्हटलं, तसंच समजा.

आता इथून नीट ऐका, कारण इथीच माही अक्कल पाण्यात बुडाली.

आमच्या ढिवरायचा एक कायदा हाय. डोंगा पाण्याबाहेर काढला का त्याचं एकही भोक उघडं ठेवाचं नाई. उघडं राह्यलं का किडा घर करते, अन् पुढच्या साली डोंगा नदीच्या मधात बुडते. म्हणून राळ घ्याची, मोहाच्या टोरीच्या तेलात कढवाची, अन् भोकाभोकात भराची. सासूनं मले पहिल्या साली हेच शिकवलं होतं, भाकर नंतर.

डबडं तवा मी गुलाबभाऊकडून घरी आणून ठेवलं होतं. शोधाशोधीच्या त्या दिवसात एकदा सहज झाकण उचलून पाहिलं, तं डोस्कं जिथी बसलं होतं तिथी बारीक बारीक भोकं. दोन रांगा. सगळी उघडी! वर पावसाळी हवा, घरात लाल मुंग्या. माहा जीव धसकला. गुलाबभाऊ शहाणा असला तरी त्याच्या घरी डोंगा नाई, त्याले काय कळते? लगेच राळ कढवली, गोधडीची सुई घेतली, अन् एकेक भोक असं सुबक भरलं का आमच्या ह्यायनं पाहिलं असतं तं पाठ थोपटली असती.

भंगारातलं डोस्कं अन् डबडं घेऊन मी गडचिरोलीले गेली. गुलाबभाऊ डोस्कं दाबून राह्यला, ते आत जाईना. म्हणाला, टाईट हाय. अंगठ्यानं, मग दोन अंगठ्यानं दाबलं, तवा बसलं. बटन दाबलं. टीव्ही काळा.

"मेलेलं देल्लं तुमाले भंगारवाल्यानं," तो म्हणाला. मी भंगारवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आज सांगते, त्या माणसाले माहा हात जोडून नमस्कार हाय.

मग गुलाबभाऊच्या ओळखीच्या एका कंडक्टरनं नागपूरहून दुसरं आणून देल्लं. ते बसवलं. टीव्ही काळा. आता गुलाबभाऊले घाम फुटला. मंडई तोंडावर आली होती, मले रोज वाटे का आता पोरगा निघाला असन. तो भला माणूस उठला, स्वतःची एक जुनी मशीन होती, रोज वापरातली, तिच्यातलं डोस्कं उपटलं अन् म्हणाला, "मावशी, हे सकाळपर्यंत चालू होतं. हेही नाई चाललं तं मी दुकान विकतो अन् पानठेला टाकतो."

टीव्ही काळा.

तो बिडी पेटवून बाहेर पायरीवर बसला. डबडं तसंच चालू राह्यलं. मी आत एकटी, काळ्या टीव्हीकडं पाहत. मनात म्हटलं, ह्याही वर्षी "बरी हायेस ना, बरी हाय" अन् संपलं.

थोड्या वेळानं दुकानात वास सुटला. गोड, देवळासारखा. एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं अन् दारातच चप्पल काढून आत आलं. गुलाबभाऊ आत आला अन् नाक वर करून फिराले लागला.

"मावशी, धूप लावला का तुमी?"

"नाई गा."

तो वास घेत घेत डबड्यापर्यंत पोचला. आत एक पत्रा असते, तो तापते. त्याच्यावर माह्या हातचा एक थेंब सांडला होता, तो धुपून राह्यला होता.

"ह्याच्यात काय टाकलं?"

"टाकलं नाई, भरलं. राळ."

"कुठी?"

"भोकाइत."

"कोनत्या भोकाइत?"

"सगळ्याच," मी म्हटलं, जरा तोऱ्यातच. "एकही सोडलं नाई."

गुलाबभाऊ स्टुलावर बसला. त्याची बिडी विझली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "त्याच भोकातून करंट जाते."

"मले काय माहीत बापू? आमच्यात भोकातून पाणी येते."

आधी ते गिऱ्हाईक हासलं, मग गुलाबभाऊ, अन् मग मीही, डोळ्यात पाणी येतपर्यंत. तिन्ही डोस्के जिते होते. मेलेल्या एका डोस्क्यासाठी म्या तीन जित्यायचा गळा दाबला होता. उरलेला दिवस तो सुई अन् स्पिरिट घेऊन एकेक भोक कोरत बसला. शेवटी भंगारातलंच डोस्कं बसवलं. टेप किंचाळली. निळी नदी आली, अन् मधात ती चार चौकोनाची नाव. कोनी वल्हवत नव्हतं तरी मले वाटलं, हलली.

मंडईच्या आदल्या दिवशी विलास आला. ह्या वेळी थैली मोठी होती, लई जड. मी पाणीही विचारलं नाई, हात धरून ओसरीत नेला, टेप लावली. नाव पाहून तो पाहतच राह्यला. मले कवळ घातली, गोल फिरवली. मी सगळी कथा सांगितली, राळेसकट. तो जमिनीवर लोळून हासला. त्या संध्याकाळी आम्ही बसलो, खांद्याले खांदा. म्या नाव तीनदा वाळूत घातली. मले वाटलं, जिंकली मी.

जेवताना त्यानं थैली उघडली. आत दुरुस्तीचं सगळं सामान. डाग देणारी कांडी, चिमटे, भिंग, अन् चांदीच्या कागदात गुंडाळलेलं एक कोरं डोस्कं, हैद्राबादच्या बाजारातून शोधून आणलेलं.

"कार्तिक पुनवेपर्यंत सुट्टी काढली होती माय," तो म्हणाला. "म्हटलं, ओसरीत मांडून बसू. तू उजेड धर, मी एकेक वायर तपासतो. बाबा डोंगा दुरुस्त करत अन् तू जवळ बसे, तसं. लागन तितके दिवस लागन."

म्या हातातला घास वापस ताटात ठेवला.

मंडई झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हापिसातून गावच्या फोनवर निरोप आला, काम अडलं, जमत असन तं ये. तो माह्याजवळ आला. "माय, इथलं काम तं तू करूनच ठेवलं. जाऊ का?" आता मी कोनत्या तोंडानं थांब म्हणू? डबडं टुणटुणीत, नाव चालू, कवेलूबद्दल तं मी विसरूनच गेली होती. म्हटलं, जा बापू.

एसटीत चढता चढता त्यानं ते चांदीच्या कागदातलं डोस्कं माह्या हातात देल्लं. म्हणे, ठेव, वेळेले कामी येईल.

गुलाबभाऊचं डोस्कं त्याले वापस केलं, नागपूरचंही त्याच्याच दुकानात ठेवलं. तरी घरात डोस्केच डोस्के. एक डबड्यात, एक तंबाखूच्या डबीत, एक चांदीच्या कागदात. अन् एक हे माह्या खांद्यावर, साठ वर्षं वापरलेलं, ज्यानं वेळेवर एवढंसं सांगितलं नाई, का बाई, पोरगा घरी बसावा वाटत असन, तं त्याच्यासाठी काहीतरी बिघडलेलं राहू दे.