धम्मशीलाच्या गाडीखालचा पुठ्ठा

आधीच सांगते, मला गोड बोलता येत न्हाई. पाथरीच्या जीप स्टँडवर लिंबाखाली माझी चहाची टपरी हाय. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी डोकं लावून लावून माझी जबान अशीच झालीय. सगुणाबाईची टपरी म्हणलं की शहाणी माणसं जरा जपूनच बोलतात. पण धम्मशीलाची गोष्ट माझ्यासारखीनंच सांगावी. दुसरं कुणी सांगंल तर नागनाथला सांभाळून घेत सांगंल.

धम्मशीला ही सितारामभाऊंची लेक. सितारामभाऊ या स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तवा भावकी म्हणली, जीप इकून टाका. धम्मशीला म्हणली, मी चालवते. सासरी नांदणं झालं न्हाई म्हणून ती माहेरी आलेली. अशा बाईनं खाली मान घालून कापूस येचायला जावं, असं सगळ्यांचं म्हणणं. तिनं कुणाला इचारलंच नव्हतं. लायसन काढलं, अन् एका सकाळी बापाच्या नंबरावर गाडी लावून "मानवत, परभणी" असा पुकारा करायला लागली. मी त्या दिवशी तिला फुकटात चहा पाजला अन् जे हसायले होते त्यांना न्हाई पाजला.

आता नंबर म्हणजे काय, ते सांगते. आमच्या स्टँडवर वाटंल त्यानं सवारी भरायची न्हाई. गाड्यांचे नंबर ठरलेले. नंबर हाय तर धंदा हाय, नंबर गेला की ती जीप दारात लावून कोंबड्या बसवायच्या कामाची. नंबरांचा कारभार नागनाथकडं, तो बी ड्रायव्हरच. त्याच्या मेहुण्यानं नवी गाडी घेतली, अन् नंबर तर सगळे भरलेले. मग नागनाथच्या डोळ्यांत एकच गाडी खुपायला लागली.

अन् त्याला मोका बी मिळाला. आमच्याकडं एक जुना कायदा हाय, पुठ्ठ्याचा. फार मागं एक म्हातारी स्टँडवर सांडलेल्या ऑइलवरून घसरली अन् तिचा खुबा मोडला. तवा ड्रायव्हरांनीच ठरवलं की संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा घालायचा अन् सकाळी बघायचा. ऑइलचा डाग दिसला तर गळती दुरुस्त होईस्तोवर नंबर बंद. कायदा चांगलाच हाय, मी त्याला नावं ठेवत न्हाई. पण कितीतरी वर्षांत कुणी पुठ्ठा घातलेला मी बघितला नव्हता. नागनाथनं तो कायदा उकरून काढला, अन् पुठ्ठा घातला कुणाच्या गाडीखाली, तर एकट्या धम्मशीलाच्या.

सकाळी पुठ्ठा काळाभोर. नागनाथनं तो वर धरून सगळ्या स्टँडला दाखवला. "बाई, गाडी म्हातारी झाली," तो म्हणला. "भंगारात घाल आता. बाजाराच्या दिवसापर्यंत वाट बघतो. त्या दिवशी पुठ्ठा साफ निघाला न्हाई तर नंबर दुसऱ्याला."

"म्हातारी झाली म्हणून गळायली न्हाई, काका," धम्मशीला म्हणली. "कुठून तरी वाट सापडलीय म्हणून गळायलीय. ती वाट मी हुडकते. अन् भंगाराचं नाव माझ्यापुढं काढू नका."

लगेच सगळे शहाणे गोळा झाले. तेल खाली पडायलंय म्हणजे खालच्या चेंबरचं पॅकिंग गेलं, पुरं इंजन उतरवावं लागंल, असं एकाचं मत. दुसरा म्हणला, नट आवळ. तिसरा म्हणला, अजून आवळ. आमच्या ड्रायव्हर लोकांची खोडच हाय ती. कुठंबी गळायलं की पाना घ्यायचा अन् आवळायचं, अन् तरी गळलं तर वरून सिलिकॉन थापायचं. भिंत लिंपावी तसं ते इंजन लिंपून ठेवलेलं.

धम्मशीलानं कुणाचंच ऐकलं न्हाई. आधी डिझेल अन् ब्रश घेऊन तिनं इंजन घासलं, फडक्यानं कोरडं केलं. मग माझ्याकडं आली. "मावशी, तुमची तोंडाला लावायची पावडर द्या."

"कुठं लग्नाला निघालीस का?" मी म्हणले.

"इंजनला लावायचीय."

अगं बया, म्हणलं हिचं डोकं फिरलं. पण दिला डबा. तिनं सगळ्या इंजनवर पावडर भुरभुरवली. स्टँडवर जो हशा पिकला तो काय सांगू. नागनाथचा मेहुणा म्हणला, आता टिकली बी लाव. तिनं बॉनेट लावलं. मानवतपर्यंत एक चक्कर मारून आली, बॉनेट उघडलं अन् मला हाक मारली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ स्पष्ट दिसायली होती. ती रेघ सुरू होत होती पार वरून, इंजनच्या डोक्यावर जे पत्र्याचं झाकण असतं ना, टॅपेट कव्हर, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून. तिथून तेल इंजनच्या पाठीमागनं उतरून खाली टपकायचं. दुसरी रेघ ऑइलच्या रबरी पाइपाच्या तोंडाशी. चेंबरला काहीच झालेलं नव्हतं.

तिनं टॅपेट कव्हर काढलं. नट आवळून आवळून त्याच्या कडा भोकांपाशी वाकलेल्या. ते लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं ठेवून तिनं हलक्या हातोडीनं कडा सरळ केल्या. थरावर थर बसलेलं सिलिकॉन पत्तीनं खरडलं. कॉर्कचं नवं पॅकिंग घातलं अन् समोरासमोरचे नट थोडे थोडे फिरवत, हाताला लागेस्तोवरच आवळले. जुना पाइप काडीसारखा मोडला, इतका वाळलेला. परभणीहून तेलाला टिकणारा पाइप आणला, नव्या क्लिपा लावल्या. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा बघू म्हणली. मी तर मनात पेढे वाटून मोकळी झाले.

सकाळी पुठ्ठ्यावर डाग. आधीपेक्षा लहान, पण डागच.

नागनाथ मिशीत हसला. मेहुण्यानं तर गाडीला हार घालायला फुलं बी सांगून ठेवली. धम्मशीला माझ्या बाकड्यावर येऊन बसली. हात कोपरापर्यंत काळे. चहा पुढं ठेवला तर बघंना. मला वाटलं, रडती आता. रडली न्हाई. एक अशी शिवी हासडली की मी इतक्या वर्षांत ड्रायव्हरांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"मावशी, पॅकिंग नवं, कडा सरळ, नट बरोबर," ती म्हणली. "तरी तेल कडेनं भाहेर ढकलल्यागत येतंय. ढकलायलंय कोण?"

चहा तसाच ठेवून उठली. इंजन चालू केलं, वरून तेल ओतायचं बूच काढलं अन् माझा हात धरून त्या तोंडावर ठेवला. आतनं गरम फुंकर यायली होती, शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तशी. इंजनच्या पोटातल्या वाफेला भाहेर जायला एक पाइप असतो म्हणली, त्याला ब्रीदर म्हणतात. तो कोंडला की वाफ जोर करती अन् तेलाला जिथं जमंल तिथनं भाहेर काढती. मग ती गाडीखाली शिरली. निघाली तवा तिच्या हातात दगडासारखा एक गोळा होता. पाइपाच्या तोंडाला कुणीतरी फडकं गुंडाळून तार आवळलेली, अन् तेल, माती, कापसाचे तंतू बसून बसून त्याचं असं झालेलं. तिनं नखानं कड उकलली. आतून हिरवं लुगडं दिसलं.

"आईचं हाय," ती म्हणली. अन् अंगठ्यानं त्याच्यावरचं तेल पुसायला लागली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली.

ते फडकं कुणी बांधलं ते वेगळं सांगायला नको. त्या दिवशी टपरी बंद करून मी तिच्यासंगं घरी गेले. सितारामभाऊ ओट्यावर बसलेले. तिनं सांगितलं तसे ते तापले. "मी बांधलंय ते. कापसाच्या दिवसांत रस्त्यावर काय धूळ असती, तुला काय ठाव? इंजनात जाऊ नये म्हणून बांधलं. अन् त्यानंच गाडी इतकी टिकली. परत बांध."

"न्हाई बांधायची, आबा."

"मी इचारतोय का तुला?"

"मी बी इचारायला आले न्हाई," ती म्हणली. "सोडलंय ते. सांगायला आले."

बापापुढं असं बोलणारी लेक मी माझ्या घरात खपवून घेतली नसती. पण त्या दिवशी माझा ऊर भरून आला. सितारामभाऊंनी हात पुढं केला. तिनं तो गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, नाकाशी नेला, कडेचा काठ बोटानं ओळखला.

"श्वास कोंडला म्हण की मी गाडीचा," ते म्हणले. "बरं केलंस. एवढं धुऊन दे मला." ते काही धुऊन निघणारं नव्हतं. तिनं तरी सोड्यात भिजत घातलं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी धम्मशीलानं पुठ्ठा माझ्याकडून नेला, बिस्किटाच्या खोक्याचा. नागनाथनं तो स्वतःच्या हातानं गाडीखाली सरकवला, म्हणजे कुणी लबाडी करायला नको. सकाळी अख्खा स्टँड गोळा. मेहुण्याची नवी गाडी हार घालून बाजूला तयार. बाजाराला निघालेली म्हाळसाबाई दोन शेळ्या घेऊन उभी. तिच्या शेळ्या दुसरं कुणी गाडीत घेत न्हाई, एकटी धम्मशीलाच घेती. तिचं तोंड सगळ्यात जास्त उतरलेलं.

नागनाथनं पुठ्ठा ओढला. लिंबाची दोन पानं अन् धूळ, बाकी काही न्हाई. त्यानं उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा बघा डाग."

खरंच एक गोल डाग होता. धम्मशीलाचं तोंड पांढरं पडलं. मी पुढं जाऊन बघितलं अन् माझं टाळकंच सरकलं.

"नागनाथ, तो माझ्या चहाच्या ग्लासचा डाग हाय," मी म्हणले. "खोकं माझ्या टपरीवर पडलेलं होतं. चाटून बघ, साखर लागंल."

आधी म्हाळसाबाई हसली. मग सगळा स्टँड हसला, मेहुणा बी हसला अन् नागनाथनं बघितल्यावर थांबला. नागनाथनं पुठ्ठा खाली टाकला. "बरं, राहू दे तुझा नंबर," असं तोंडातल्या तोंडात म्हणून तो वळला.

दुसरी कुणी असती तर हात जोडून गाडी काढली असती. धम्मशीलानं पुठ्ठा उचलला, चालत नागनाथच्या जीपपाशी गेली अन् इंजनखाली सरकवला.

"हे काय?" नागनाथ म्हणला.

"कायदा. तुमीच काढला, काका." तिनं शेळ्या मागं चढवल्या, म्हाळसाबाईला पुढं बसवलं अन् "मानवत, परभणी" असा पुकारा करून गाडी भरली. निघताना मला म्हणली, "मावशी, पुठ्ठ्याला कुणाला हात लावू देऊ नका." मी म्हणले, लावून तर बघू दे.

कुणी लावला न्हाई. नागनाथला गाडी हलवता येईना, हलवली तर भिला म्हणायचे. ती दुपारी परत आली अन् सगळ्यांदेखत पुठ्ठा ओढला. माझ्या चहाचा गोल डाग कुठं गेला ते दिसंना, इतकं तेल. नागनाथनं बाकीच्या ड्रायव्हरांकडं बघितलं. जो तो आपल्या गाडीखाली वाकून बघायला लागला होता.

"टॅपेट कव्हरच असंल, काका," धम्मशीला म्हणली. "आवळू नका जास्त. पावडर मावशीकडं हाय. दुरुस्त होईस्तोवर नंबर बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागनाथ माझ्या टपरीवर आला अन् चहा न मागता पावडरीचा डबा मागितला. मी दिला. पण "कुठं लग्नाला निघालास का?" हे सगळ्यांना ऐकू जाईल असं इचारून दिला.

आता आमच्या स्टँडवर रोज संध्याकाळी सगळ्या गाड्यांखाली पुठ्ठे असतात. सकाळी ते गोळा करायला धम्मशीलाच येती, अन् सगळ्यात आधी आपला उचलून वर धरती.