पावतीवरचं नाव

नल्लकुंट्यातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एक निवृत्त काका दरवर्षी जूनमध्ये इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायला येतात. चपला दाराबाहेर काढतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि माझं वाक्य संपायच्या आत "हौ, हौ" म्हणून मोकळे होतात. पेन्शनचे कागद एक्स-रेच्या जुन्या पाकिटात असतात. पाकिटावर त्यांच्या मुलीचं नाव आहे. ती कॉलेजात असतानाच गेली.

पहिल्या वर्षी त्यांनी मलकपेठच्या एका अंधशाळेला दिलेल्या देणगीची पावती आणली, तीही मुलीच्याच नावाची. मी घाईत होतो. "काका, गेलेल्या माणसाच्या नावावर सूट मिळत नाही. पावती तुमच्या नावाची घेत जा," असं फटकन बोलून गेलो. ते "हौ" म्हणाले. नियम मी बरोबरच सांगितला होता. तेव्हापासून पावती त्यांच्याच नावाची येते, आणि ती फायलीला लावताना मी त्यांच्याकडे बघत नाही.

यंदा सांगावं लागलं, की सरकारच्या नव्या करपद्धतीत त्यांना कर कमी बसेल, पण देणगीवरची सूट मिळणार नाही. वाईट वाटेल म्हणून चाचरतच बोललो. या खेपेला "हौ" आलं नाही. ते मांडीवरच्या पाकिटावरून हात फिरवत राहिले.

"म्हणजे पावतीचं सरकारला आता काही काम नाही?"

"नाही, काका."

"मग वकीलसाब," त्यांनी हळूच विचारलं, "पुन्हा तिचं नाव लिहून घेऊ का?"