आमचं उंदीरबंद पक्षीघर

आमच्या गच्चीवरच्या पक्षीघरात एकही उंदीर शिरलेला नाही, हे मी बायकोला सलग बावीस दिवस फोनवर सांगत होतो, आणि ते बावीसही दिवस खरं होतं. एकही उंदीर आत शिरला नाही. ते आतच राहत होते.

पक्षीघर सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं. नागपूरला धरमपेठेत आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि डोक्यावर गच्ची. गच्चीवर आठ बाय सहाच्या जाळीच्या खोलीत तिचे चौदा झेब्रा फिंच राहतात. चिमणीपेक्षा लहान, लाल चोचीचे, आणि लहान मुलांच्या शिट्टीवाल्या चपलांसारखे दिवसभर वाजणारे.

एप्रिलमध्ये पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं आणि सुनंदा दीड महिन्यासाठी निघाली. बॅग भरता भरता तिने मला समोर बसवलं.

"बाकी घर पडलं तरी चालेल. राणीकडे लक्ष ठेवा."

राणी म्हणजे तिची लाडकी मादी. दोन वर्षांत राणीने दोनदा अंडी घातली आणि दोनदा अर्ध्यावर टाकून उठली. एकदा घरट्यासाठी टांगलेल्या मडक्याजवळ पाल आली म्हणून, आणि एकदा कोणीतरी गच्चीवर ड्रिल मशीन चालवलं म्हणून. (कोणीतरी म्हणजे मी. खुंटी ठोकत होतो.) आता तिसऱ्यांदा ती मडक्यात काड्या नेत होती.

"उंदीर तेवढा येऊ देऊ नका," सुनंदा म्हणाली. "दाण्यात मुततो, पाखरं आजारी पडतात. आणि अंडी तर सोडतच नाही."

"उंदीर? अगं, मी तीस वर्षं सरकारी भांडार सांभाळलं."

"म्हणूनच सांगून राहिली आहे."

हा टोमणा मला लागला. ती गाडीत बसली त्याच दिवशी मी कामाला लागलो. जुनी जाळी अर्ध्या इंचाची होती, तिच्यावर पाव इंचाची बसवली. खालून दोन फूट पत्रा मारला, कारण पत्र्यावर उंदराचे पाय घसरतात. दाराखालची फट सिमेंटने बुजवली. वायर येते ते भोक बुजवलं. पाणी जायचं भोकही बुजवलं, मग पाणी तुंबलं, मग ते उघडून त्याला चहाची गाळणी बसवली. बाहेर चार कोपऱ्यांत भज्याचे तुकडे लावून चार उंदराचे पिंजरे मांडले. आता उंदराला आत जायचं असतं तर माझी सही घ्यावी लागली असती.

एवढं झाल्यावर मी कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो आणि राळ्याचं, म्हणजे पाखरांच्या बारीक दाण्याचं, अख्खं पोतं घेतलं. किलो-किलोने आणणं हे भांडारपालाला शोभत नाही.

"उघडून दाखवा जरा," मी अडत्याला म्हणालो.

"साहब, एकदम साफ माल है. पोता खोलोगे तो रास्ते में सांडेगा."

हे मला पटलं. (नोकरीतही मला अशा गोष्टी फार लवकर पटायच्या.) आता पोतं ठेवायचं कुठे? स्वयंपाकघरात उंदीर येतो. जिन्याखाली येतो. सगळ्या घरात उंदीर जिथे जाऊच शकत नाही अशी जागा एकच होती, आणि ती मी स्वतः बांधली होती. पोतं मी पक्षीघरात ठेवलं. खाली दोन विटा, वर प्लायवूड. कोपऱ्यातून जरासं उसवलं, वाटीभर दाणे काढले आणि समाधानाने खाली येऊन झोपलो.

दहा दिवसांनी राणीने चार अंडी घातली. मी व्हिडिओ कॉल लावून मडकं दाखवलं, आणि सुनंदाने मुलीला डॉक्टरकडे न्यायचं पंधरा मिनिटं पुढे ढकललं.

"दाणे काय देता?"

"राळं. आणि त्यात कारळंही आहे बरं. काळं, लांबट, बारीक. अडत्याने आपणहून टाकलेलं दिसतं."

"कारळं कोणी फुकट टाकत नाही हो."

"माणूस ओळखता आला पाहिजे," मी म्हणालो.

ते कारळं दिवसेंदिवस वाढत गेलं. पहिल्या आठवड्यात चिमूटभर होतं, दुसऱ्यात चमचाभर. पोतंही भराभर खाली जाऊ लागलं. चौदा फिंच मिळून दिवसाला फार तर दोन मुठी खातात, पण आमचे पाव पोतं संपवून बसले होते. मला अभिमान वाटला. "पाखरं मस्त खाऊन राहिली," मी कळवलं.

मग ऊन तापलं. नागपूरच्या मे महिन्यात माणसाला कूलर आणि पाखराला नाही, हे मला बघवेना. मी जाळीला चिकटवून बाहेरून एक कूलर लावला, नव्या वाळ्याचा. थंडगार, ओलसर वारा थेट आत. तो आधी पोत्यावर आपटायचा आणि मग पाखरांकडे जायचा, पण एवढं कोण बघतं. फिंच जाळीतून चोची घालून कूलरचा वाळा उपसत आणि आपापल्या मडक्यात नेत. वाळा फार भराभर कमी होत होता. पाखरं कष्टाळू आहेत, असंही मी कळवलं.

तीन-चार दिवसांत तिथे एक वास यायला लागला. आंबूस, उग्र. मी तो वाळ्याच्या खात्यात टाकला.

अंडी घातल्याच्या बाराव्या दिवशी, म्हणजे आजउद्या पिल्लं निघायच्या वेळी, सुनंदाचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे कॅमेरा फिरवला.

"थांबा. राणी बाहेर काहून बसली?"

राणी दांडीवर बसली होती. पिसं फुगवून, डोळे मिटून. शेजारी आणखी पाच जण तसेच, कापसाच्या गोळ्यांसारखे.

"दुपारची झोप घेऊन राहिले," मी म्हणालो. "उन्हाळा आहे."

"फिंच दुपारी झोपत नसतात हो. रात्री कोणी झोपू देत नसेल तरच झोपतात. आत उंदीर आहे."

"अशक्य. चारही पिंजरे रिकामे आहेत. बावीस दिवसांत एक उंदीर लागला नाही."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पारशिवनीहून पहिल्या बसने तिचे वडील आले. हातात एक पिशवी, आणि चेहऱ्यावर जावयाची चौकशी करायला आलेल्या सासऱ्याचा भाव. आयुष्यभर शेती केलेला माणूस. मी त्यांना मामाजी म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात, आणि दोघंही एकमेकांबद्दल फारसं बोलत नाही.

गच्चीत पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी नाक वर केलं.

"जावईबापू, हा वास कायचा येऊन राहिला?"

"वाळ्याचा. नवा आहे."

"वाळ्याले मुताचा वास कवापासून येऊन राहिला गा?"

मग ते पक्षीघराभोवती एक चक्कर मारून आले. जाळी चाचपली, पत्रा वाजवून पाहिला, गाळणीपाशी जरा जास्त वेळ थांबले.

"बंदोबस्त तं जबरदस्त केला तुमी. मुंगी नाही जाणार."

मी खाली बघून हसलो. एवढं कौतुक त्यांनी लग्नातही केलं नव्हतं.

ते आत गेले. दाण्यांची वाटी उचलली, एक काळा दाणा बोटावर घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"हे काय हाय?"

"कारळं."

"खाऊन पाह्यलं तुमी?"

नाही म्हणालो. (देवाची कृपा.)

"उंदराच्या लेंड्या हायेत ह्या."

बोलता बोलता त्यांनी पोत्यावरचं प्लायवूड बाजूला केलं, पोतं वरून उसवलं आणि हाताने मला जवळ बोलावलं. आत अर्धं पोतं राळं, कूलरच्या ओलीने तळाशी हिरवं पडलेलं. आणि वरच्या बाजूला आमच्या कूलरचा सगळा वाळा. छान गोल, मऊ, आत कापूस लावलेलं घरटं. त्यातून एक जण तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. दुपारी झोपेतून उठवल्यासारखा.

"पोत्यासंगंच आले हे," मामाजी म्हणाले. "अन् तुमी त्याइले बाहेर जायाले जागाच नाही ठेवली. बिचारे जातीन कुठं?"

म्हणजे सगळा पत्रा, सगळं सिमेंट, दोन थरांची जाळी, गाळणी, हे सगळं मी उंदराला आत कोंडून ठेवायला केलं होतं. वर त्याला धान्य दिलं, थंड वारा दिला, अंथरूण दिलं. चौदा पाखरांबरोबर.

माझा हात आपोआप राणीच्या मडक्याकडे गेला. मामाजींनी तो अलगद बाजूला सारला.

"तुमी नोका."

त्यांनी मडक्यात डोकावून बघितलं. मला तेवढा वेळ बोर्डाच्या निकालाची आठवण झाली.

"तीन हायेत. एक खाल्लं. बाकीचे गरम हायेत अजून."

चार म्हणून पुण्याला दाखवली होती.

"पाखरं खाली न्या लागते," ते म्हणाले. "हे घर धुतल्याबिगर, वाळल्याबिगर काही खरं नाही. बुरशीचा दाणा खाल्ला का पाखरू जातेच. बेडरूम कोणाची हाय?"

"माझी."

"एसी हाय?"

"आहे."

"मंग झालं."

तेरा पाखरं आम्ही मच्छरदाणीच्या तुकड्यात एकेक धरून खाली नेली. म्हणजे त्यांनी धरली, मी दारं उघडली. राणी हलायला तयार नव्हती, कोपऱ्यात जाऊन बसली. मामाजी अर्धा तास जागचे हलले नाहीत. शेवटी ती आपल्या मनाने मडक्यात शिरली. त्यांनी हळूच तोंडाला फडका लावला, मडकं खुंटीवरून उतरवलं आणि जिन्याच्या एकोणीस पायऱ्या अशा उतरले, की मी मुलीच्या लग्नातही इतक्या सावकाश कोणाला चालताना पाहिलेलं नाही. मडकं माझ्या कपाटाच्या दारावर टांगलं, पश्चिमेकडेच तोंड करून, जसं वर होतं तसं.

मग फडका काढला. राणी बाहेर आली, पडद्यावर बसली. खोलीभर बघितलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. नेमका तेव्हाच फोन वाजला. सुनंदा.

"राणी कुठे आहे?"

"आपल्या बेडरूममध्ये."

"आणि पाखरं?"

"तीही आपल्याच बेडरूममध्ये."

"मग पक्षीघरात कोण आहे?"

मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगा तुमीच."

एवढ्यात राणी पडद्यावरून उडाली, कपाटाभोवती एक गिरकी घेतली आणि मडक्यात शिरली. शिरली आणि बसली. मी फोन त्या दिशेला धरला. पुण्याकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

माझे चार पिंजरे मामाजींनी आत नेऊन ठेवले. दोन दिवसांत अकरा उंदीर लागले, ते त्यांनी लांब माळावर नेऊन सोडले. पोतं फेकलं. फरशी घासली, चुना मारला, उन्हात वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी तीन पिल्लं निघाली, गुलाबी, वालाच्या दाण्याएवढी. त्याच आठवड्यात आम्हाला नातही झाली, आणि सुनंदाने दोन्ही बातम्या नातेवाइकांना एकाच मेसेजमध्ये कळवल्या, आधी पिल्लांची.

पण पिल्लं उडेपर्यंत मडकं हलवायचं नाही, बाकी पाखरंही तिथेच राहतील, हा मामाजींचा हुकूम. म्हणजे तीन आठवडे. बेडरूममध्ये पंखा लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, मी जायचं नाही. एसी अठ्ठावीसवर. दरम्यान सुनंदा परतली. हॉलमधल्या दिवाणावर मामाजी, खाली गादीवर सुनंदा. स्वयंपाकघरात माझे पाय फ्रिजला लागतात.

तेव्हा सध्या मी वर, गच्चीवरच्या पक्षीघरात झोपतो. फरशी स्वच्छ आहे, हवा खेळती आहे, जाळीतून मच्छरही येत नाही. अडचण एकच. दाराला कडी बाहेरून आहे. पाखरांसाठी बांधताना आतून कडीची गरज मला दिसली नव्हती. त्यामुळे सकाळी सुनंदा आधी खाली सगळ्यांचं दाणापाणी करते, मडक्यात डोकावते, राणीची विचारपूस करते, मग सावकाश वर येऊन मला सोडते. चहासोबत काय हवं, हे आता कोणी विचारत नाही. जे असेल ते वाटीत घालून आत सरकवते, आणि जाताना खाल्लं की नाही ते बघून जाते.